सेमी-ऑटो रायफलमध्ये गॅस रेग्युलेटर असावा की नसावा? (एसएलआर ते एआर-१५)

रानमोडी

सेमी-ऑटो (चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते) रायफलचा गॅस नेमबाजाने रेग्युलेटरने कमी-जास्त करावा, की कारखान्याने बॅरलला एकदा भोक पाडून दिलं की विषय संपला? आमच्या ओहायोतल्या रेंजवर यावरून सरळ दोन तट पडलेत. मी रेग्युलेटरच्या बाजूचा आहे. का, ते सविस्तर लिहितो. इथे फौजेतली, एनसीसीतली, इंजिनिअरिंगमधली मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी आणि चुकतंय तिथे अडवावं.

यंत्रणा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. गोळी सुटते तेव्हा मागचा जळता वायू तिला नळीतून पुढे ढकलत असतो. नळीला वाटेत एक बारीक भोक असतं, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. गोळी त्या भोकापुढे सरकली की थोडा वायू तिथून वर शिरतो आणि पिस्टनला मागे रेटतो. एआर-१५ (अमेरिकेतली नागरी सेमी-ऑटो रायफल) मध्ये पिस्टनऐवजी बारीक नळीतून तो थेट बोल्ट कॅरिअरमध्ये जातो. बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या मागचं दार, उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये (नळीतली काडतुसाची जागा) नेतो. गोळी नळीबाहेर पडली की दाब संपला. म्हणजे पोर्टपासून नळीच्या तोंडापर्यंत पोचायला गोळीला लागणारा जो क्षणाचा अंश आहे, तेवढ्यात मिळालेल्या ताकदीवर सगळा कारभार चालतो.

गॅस कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे येत नाही, पुंगळी तोंडातच अडकते किंवा नवीन काडतूस उचललंच जात नाही. गॅस जास्त झाला तर पुंगळी चेंबरच्या भिंतीला फुगून चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तिची कड ओढायला लागतो. कड फाटते, एक्स्ट्रॅक्टर झिजतो, बोल्टचे दाते थकतात. शिवाय बोल्ट इतक्या वेगाने परततो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला सवडच मिळत नाही. दोन्ही दोषांत रायफल अडकते, आणि दोन्ही वेळा चेंबर रिकामं नि मॅगझिन भरलेलं असू शकतं. निम्मे घोळ इथेच होतात. गॅस कमी आहे समजून माणूस तो वाढवतो आणि आजार बळावतो.

आता माझी लाडकी रायफल, एफएन एफएएल. बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्यूदोने सॅव्ह यांनी ती बनवली, १९५० च्या दशकात ती जगभर गेली, आणि आपल्याकडची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) तिच्याच कुळातली. १९६२ च्या युद्धात आपले जवान बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) ली-एनफिल्ड घेऊन लढले होते. त्यानंतरच्या वर्षांत पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आराखडा केलेली आणि इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेली १ए१ एसएलआर पलटणींच्या हातात आली. १ए१ ही फक्त सेमी-ऑटो, एका चापाला एक गोळी.

एफएएलचा रेग्युलेटर म्हणजे गॅस ब्लॉकच्या मागे बसवलेली एक खाचा पाडलेली कडी. आतलं पोर्ट मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं, वाईटातल्या वाईट परिस्थितीतही पुरेसा गॅस मिळावा म्हणून. कडी फिरवली की बाहेर जाणारी फट लहान-मोठी होते. फट उघडी ठेवली तर बराचसा वायू बाहेर निसटतो आणि पिस्टनला हलका दणका बसतो. बंद केली तर सगळा जोर पिस्टनवर. रायफल लावायची रीतही ठरलेली आहे: फट पूर्ण उघडायची, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडायचं. रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकून राहिला नाही तर एक क्लिक बंद करायचं, पुन्हा एक काडतूस. असं करत करत बोल्ट दर वेळी मागे राहायला लागला की आणखी दोन क्लिक बंद करायचे. ते दोन क्लिक म्हणजे धूळ, कार्बन आणि थंडी यांच्यासाठी ठेवलेली शिल्लक.

नीट लावलेली एफएएल खांद्याला किती सौम्य लागते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. तीच रायफल पूर्ण बंद रेग्युलेटरवर झाडली की पुंगळ्या पार पलीकडच्या लेनमध्ये जातात आणि धक्का दुप्पट वाटतो. रायफल तीच, काडतूस तेच, फरक फक्त कडीचा. एवढी सत्ता नेमबाजाच्या बोटात असावी, असं माझं ठाम मत आहे.

---

निवृत्त_हवालदार

चांगला विषय काढलात. एसएलआर आम्ही खांद्यावर वागवली आहे, भरल्या मॅगझिनसकट पाच किलोच्या आसपास. तिच्याबद्दल कोणी आपुलकीने लिहिलं की बरं वाटतं.

तुम्ही रेंजवरची गोष्ट सांगितली, मी पलटणीतली सांगतो. आमच्याकडे 'रोकें और फौरी इलाज' हा धडा उस्ताद घोकून घ्यायचे. रायफल थांबली, कॉकिंग हँडल ओढलं, आत पाहिलं. मॅगझिनमध्ये गोळ्या आहेत, चेंबर रिकामं, काही फसलेलं नाही, तर गॅसची रोक समजायची. रेग्युलेटर दोन क्लिक बंद, पुन्हा नेम. जवानाने तिथे डोकं चालवत बसायचं नाही, हात चालवायचा.

आता तुम्हाला न आवडणारा मुद्दा. ही दुरुस्ती नेहमी एकाच दिशेने होते. दिवसभराच्या फायरिंगनंतर कार्बन साचतो, पिस्टन जड चालतो, म्हणून जवान दोन क्लिक बंद करतो. संध्याकाळी रायफल साफ होते, पण ते क्लिक परत उघडायचे राहून जातात. पुढच्या फायरिंगला पुन्हा दोन. असं होत होत रेग्युलेटर पार बंद होतो आणि रायफल स्वतःलाच ठोकत बसते. म्हणून आमचे आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) रायफल ताब्यात घेतली की आधी कडीवर अंगठा ठेवायचे. कोत (पलटणीचं शस्त्रागार) आणि आर्मरर शिस्तीचे असतील तर रेग्युलेटर हा गुण. ती शिस्त नसेल तर नसलेला बरा.

आणखी एक, गॅस प्लग. एसएलआरवरून ग्रेनेड फेकायचा तर तो फिरवून पिस्टनचा गॅस पूर्ण तोडावा लागतो, कारण सगळा जोर ग्रेनेडच्या मागे हवा. तो प्लग ग्रेनेडवर राहिला आणि जवान साधी गोळी चालवायला लागला की प्रत्येक गोळीनंतर हाताने कॉक करा. अंधारात हे फार महागात पडू शकतं, म्हणून प्लग बोटांनी चाचपून ओळखायला शिकवायचे.

---

यंत्रशाळा

मी कोल्हापुरात डिझाइन इंजिनिअर आहे, एनसीसीत एसएलआर हाताळली आहे. माझी शंका अशी: हे सगळं आपोआप का होऊ नये? दाब जास्त आला तर यंत्रणेनेच कमी घ्यावा. नेमबाजाच्या बोटावर का सोडायचं?

---

रानमोडी

@यंत्रशाळा ताई, फार मोलाचा प्रश्न. त्याचं उत्तर अमेरिकन एम१४ मध्ये आहे. तिचा पिस्टन पोकळ असतो आणि त्याच्या भिंतीला भोक असतं. ते बॅरलच्या पोर्टसमोर येतं तेव्हा वायू पिस्टनच्या पोटात भरतो. पिस्टन मागे सरकायला लागला की दोन भोकं एकमेकांसमोरून हटतात आणि पुरवठा आपोआप तुटतो. कोंडलेला वायू प्रसरण पावत पिस्टनला हळुवार ढकलतो, पुढे एका भोकातून बाहेर पडतो. दाब जास्त असेल तर पिस्टन लवकर हलतो, म्हणून लवकर तुटतो. सुरेख कल्पना आहे.

पण त्यालाही मर्यादा आहे. ती यंत्रणा एका ठरावीक जातीच्या दारूगोळ्याभोवती बेतलेली असते. तिच्या आधीच्या एम१ गॅरंडचं दुखणं बघा. तिचं पोर्ट नळीच्या अगदी तोंडाशी आहे आणि तिथून बोल्टपर्यंत एक लांबलचक वाकडी ऑपरेटिंग रॉड जाते. सावकाश जळणारी दारू आणि जड गोळी असलेली बाजारातली शिकारीची काडतुसं तिच्यात घातली तर पोर्टपाशी दाब जास्त राहतो आणि ती रॉड वाकू शकते. म्हणून इथले गॅरंडवाले पुढचा गॅस प्लग काढून जास्तीचा गॅस बाहेर सोडणारा अॅडजस्टेबल प्लग बसवतात. रायफल जुनीच, मूळ प्लग डब्यात जपून ठेवलेला. माझ्या मते रेग्युलेटरचा यापेक्षा निर्विवाद उपयोग दुसरा नाही.

---

ऐरण

टेक्सासमध्ये बंदुका दुरुस्त करण्याचं काम करतो. आता विरुद्ध बाजू, आणि मनापासून.

एआर-१५ वर बसवायचे अॅडजस्टेबल गॅस ब्लॉक माझ्या बाकावर सतत येतात. त्यातल्या पुष्कळ ब्लॉकमध्ये एक बारीक स्क्रू गॅसच्या वाटेत आडवा येतो. जागा कुठली, तर नळीवर, जिथे तापलेला वायू कार्बन आणि तांब्याचे कण घेऊन आदळतो. स्क्रूच्या आट्यांत तो कार्बन दगडासारखा बसतो. काही शेकडा गोळ्यांनंतर मालक षटकोनी पाना लावतो, स्क्रू हलत नाही, जोर लावतो, डोकं गोल होतं. मग अॅडजस्टेबल ब्लॉक कायमचा एकाच जागी, आणि तीही नेमकी चुकीची. एका ब्लॉकचा स्क्रू तर ढिला होऊन गॅसच्या जोराने बाहेरच निघून गेला होता. मालकाने कंपनीला फोन केला तर 'तुम्ही नीट बसवला नसेल' म्हणाले. बसवणारा मी होतो, आणि तो जसा बसवायचा असतो तसाच बसवला होता.

एआरची मूळ अडचण वेगळीच आहे. पोर्ट चेंबरपासून किती दूर आहे याची ठरावीक मापं आहेत: कार्बाइन सुमारे ७ इंच, मिडलेंग्थ ९, रायफल १२. नागरी बाजारातल्या १६ इंची नळीवर ७ इंचांचं पोर्ट ठेवलं की गोळी पोर्टपुढे गेल्यावरही बराच वेळ नळीतच असते आणि गॅस भरपूर जातो. त्यात उत्पादक पोर्टचं भोक थोडं मोठंच पाडतात, कारण गिऱ्हाईक स्वस्तातली हलकी स्टील पुंगळीची काडतुसं वापरणार आणि रायफल अडली की परत पाठवणार. म्हणजे चुकीचं भोक आधी पाडायचं आणि मग ते झाकायला रेग्युलेटर विकायचा. माझा आग्रह असा: १६ इंचाला मिडलेंग्थ घ्या, पोर्ट योग्य मापाचं घ्या. थोडं जास्त वाटलं तर जड बफर (बोल्टच्या मागचं वजन) घाला. साधा कार्बाइन बफर ३ औंसांचा, एच३ साडेपाच औंसांच्या आसपास. बफर दस्त्यात असतो, तिथे ना आग ना कार्बन, बदलायला दोन मिनिटं.

---

रानमोडी

@ऐरण, स्क्रूबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी एफएएलचं उदाहरण घेतलं. तिथे नाजूक स्क्रू वाटेत नाही, जास्तीचा गॅस बाहेर सोडायची सोय आहे. एआरसाठीही बाहेर सोडणारे ब्लॉक मिळतात.

पण बफरवर माझा आक्षेप आहे. जड बफर बोल्टचा वेग कमी करतो, गॅस कमी करत नाही. सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावल्यावर फरक लख्ख दिसतो. सप्रेसर नळीच्या तोंडाशी दाब कोंडून ठेवतो, त्यामुळे गॅस जास्त वेळ मागे येत राहतो. एआरमध्ये तो चार्जिंग हँडलच्या फटीतून थेट नेमबाजाच्या डोळ्यांत जातो. बफर कितीही जड घाला, तो धूर येणारच. गॅस उगमापाशीच कमी करायला हवा. म्हणूनच एफएन स्कारसारख्या पिस्टन रायफलींत दोन जागांचा रेग्युलेटर कारखान्यातूनच येतो, एक साधी, एक सप्रेसरची. दोनच जागा, हाताला कळणाऱ्या. अशी रचना मला सगळ्यात जास्त पटते.

---

बारामतीचा_पाट

दोन प्रकारांतला फरक मला असा कळला, बरोबर का सांगा. उसाला पाणी देताना दंडाचं तोंड मातीने अर्धवट बुजवलं तर मागे पाणी तुंबतं आणि माती सारखी कापली जाते. त्याऐवजी वरच्या अंगाला बारं फोडून जास्तीचं ओढ्याला सोडलं की दंडाला हवं तेवढंच येतं. ऐरणदादांचा स्क्रू म्हणजे पहिलं, एफएएलची कडी म्हणजे दुसरं.

---

ऐरण

@बारामतीचा_पाट अगदी बरोबर. कापली जाणारी माती म्हणजे स्क्रूचं टोक. तेही झिजतं, आणि झिजलं की रोजची सेटिंग हळूहळू सरकते. बाहेर सोडणाऱ्या प्रकारातही फट झिजते, पण तिथे वाटेत अडथळा नसल्याने निदान काही जाम होत नाही. तोटा एवढाच की गरम वायू हँडगार्डच्या आत फुंकला जातो, ते काळंकुट्ट होतं, आणि अंधारात तिथे ठिणगी दिसू शकते.

---

इतिहासाची_वही

सोव्हिएत उदाहरण राहिलं. १९४० ची तोकारेव्ह एसव्हीटी-४० घ्या. तिच्या पुढच्या टोकाला पाच बाजूंचा रेग्युलेटर, त्यावर १.१, १.२, १.३, १.५ आणि १.७ असे आकडे. म्हणजे भोकाचा मिलिमीटरमधला व्यास. नियम साधा: रायफल बिनतक्रार चालेल असं सगळ्यात लहान भोक निवडा. कागदावर याहून स्पष्ट काही असू शकत नाही.

पण फिरवायला वेगळा पाना लागतो, आणि १९४१ च्या थंडीत घाईघाईने भरती केलेल्या, जेमतेम शिकवलेल्या पोरांच्या हातात ती रायफल पडली. शिकलेल्या नौदल पायदळाने तिचं चीज केलं, नवख्यांनी तिला नावं ठेवली. उत्पादनाचा भार पुन्हा जुन्या बोल्ट-अॅक्शन मोसिन-नागांतवर गेला, अर्थात एसव्हीटी महाग आणि बनवायला वेळखाऊ हेही कारण होतंच. पुढे १९६३ च्या ड्रागुनोव्ह स्नायपर रायफलमध्ये त्यांनी दोनच जागा ठेवल्या आणि फिरवायला काडतुसाची कड पुरेल अशी खाच दिली. पाचाच्या दोन झाल्या, पान्याच्या जागी खिशातलं काडतूस आलं. हवालदार साहेबांच्या शिस्तीच्या मुद्द्याला यातून जोरच मिळतो.

इजिप्तची हकीम रायफल याच्या उलट. स्वीडनच्या युंगमनच्या धर्तीवर ती बनली. मूळ स्वीडिश रायफलला रेग्युलेटर नव्हता, इजिप्तने तो मुद्दाम घातला.

---

यंत्रशाळा

आणि रेग्युलेटर नसल्याने झालेलं नुकसान? तेही कोणी लिहा, नाहीतर ऐरणदादांचंच पारडं जड होतंय.

---

रानमोडी

ते तर सगळ्यात मोठं उदाहरण आहे, व्हिएतनाम युद्धातली एम१६, म्हणजे एआर-१५ चा लष्करी अवतार. तिचे रचनाकार यूजीन स्टोनर यांचा मूळ आराखडा आयएमआर नावाच्या दारूवर जुळवलेला होता. नंतर काडतुसात डब्ल्यूसी ८४६ ही बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) आली. गोळीचा वेग तोच ठेवला, पण पोर्टपाशी दाब वाढला. गॅसचं भोक ठरलेलं, सैनिकाच्या हातात काहीच नाही. बोल्ट जास्त वेगाने धावायला लागला, ऑटोवर गोळ्यांचा दर वाढला, पुंगळ्या चेंबरमध्ये अडकायला लागल्या. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. अडकलेल्या रायफली हातात घेऊन पोरं मेली. अमेरिकन काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले. मग जड बफर, चेंबरला क्रोम आणि सफाईची शिकवण आली.

दोष फक्त रेग्युलेटर नसण्याचा होता असं मी म्हणत नाही. दारू बदलणाऱ्यांनी रायफल तपासायला हवी होती. पण पोर्टचं माप ठरलेलं असलं की दारूगोळाही ठरलेलाच लागतो, आणि ही जबाबदारी कोणीतरी कायम सांभाळावी लागते. सैन्यात ती पुरवठा खात्याची, नागरी रेंजवर ती कोणाचीच नसते.

---

यारा_काठी

मेलबर्नहून. एफएएलचा ऑस्ट्रेलियन अवतार एल१ए१ लिथगोच्या कारखान्यात बनायचा. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर इथे सेमी-ऑटो रायफली सामान्य लोकांकडून परत घेतल्या गेल्या, त्यामुळे आता ती पाहायची तर लिथगोच्या संग्रहालयात. कायदा झाला ते योग्यच झालं असं माझं मत. वर भारतातल्या परिस्थितीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: तिथेही सेमी-ऑटो सेंटरफायर रायफल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. वाचून कोणी चौकशी करत बसू नये.

---

नवखा_नेमबाज

मी न्यू जर्सीतून नुकताच पेनसिल्व्हेनियात आलोय. पहिली एआर घ्यायची आहे, फक्त कागदी टार्गेटसाठी. सप्रेसर नाही, काडतुसं दुकानातली. रेग्युलेटर घेऊ का?

---

ऐरण

नको. मिडलेंग्थ, साधा ब्लॉक, नळीला पिनने पक्का बसवलेला. पुंगळ्या कुठे पडतात ते बघत चला. नळीचं तोंड बाराला धरलं तर साधारण तीन ते साडेचार वाजण्याच्या दिशेला पडत असतील तर गॅस ठीक. एक-दोनच्या दिशेला पुढे उडत असतील तर गॅस जास्त असण्याची शक्यता, तेव्हा बफर. पाच वाजण्याच्या दिशेला मरतुकड्या पडत असतील तर गॅस कमी.

---

रानमोडी

सप्रेसर नाही आणि काडतूस एकाच जातीचं, तर मीही ऐरण यांच्याच मताचा. पुढे स्वतः काडतुसं भरायला लागलात, किंवा हलक्या धक्क्याच्या स्पर्धांकडे वळलात, तर जरूर घ्या. तेव्हा दोन गोष्टी बघा: क्लिक ऐकू येतात का, आणि सेटिंग बाहेरून डोळ्यांना दिसते का. दोन्ही नसेल तर तो ब्लॉक दुकानातच राहू द्या.

---

निवृत्त_हवालदार

आणि घेतलाच तर रायफल साफ करून, गार असताना लावलेली सेटिंग एका चिठ्ठीवर लिहून दस्त्याच्या कप्प्यात ठेवा. रेंजवर काय बंद केलंत ते घरी आल्यावर उघडलं का, हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.